बेरजेनंतरची वजाबाकी

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याची पूर्व कड आणि तिला लागून असलेला आयडाहोचा पट्टा मिळून पलूस नावाचा मुलूख होतो. सांगली जिल्ह्यातल्या पलूसशी त्याचे नाते उच्चारापुरतेच. वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीच्या टेकड्या, त्यांवर गव्हाची शेते, मधून जाणारे रेल्वेचे रूळ आणि लहान लहान गावे, असा हा प्रदेश. त्या गावांतल्या पडीक जागांवर आणि रस्त्यांच्या कडेला विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत युरोपातून आलेल्या तीन वनस्पतींनी बस्तान बसवले. तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या ट्रॅगोपोगॉन या प्रजातीतल्या. गवतासारखी लांब पाने, जमिनीत सरळ उतरणारे सोटमूळ, आणि फूल सुकल्यावर वाऱ्यावर उडणाऱ्या बियांचा भला मोठा गोल झुबका ही त्यांची ओळख. पोरिफोलियस जांभळ्या फुलांची. तिचे मूळ भाजी म्हणून खातात, त्यामुळे ती परसबागेतून बाहेर पडली. प्राटेन्सिस आणि ड्युबियस या दोन्ही पिवळ्या फुलांच्या. शेतकऱ्याच्या लेखी तिन्ही तणच, आणि तेही फारसे त्रासदायक नसलेले.

पुलमन गावातल्या महाविद्यालयात शिकवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ मॅरियन ओनबी यांनी या तणांकडे नीट पाहिले. तीन जाती जिथे शेजारी शेजारी वाढत तिथे त्यांचे संकर सहज आढळत. असा संकर रंगावरून ओळखू येई आणि बियांवरून त्याची खात्री पटे, कारण त्याच्या बहुतेक बिया पोकळ असत. १९४९ मध्ये मात्र ओनबींना काही पुंजके असे सापडले की ज्यांतली झाडे दिसायला संकरासारखी होती, पण अधिक जाड, भरदार आणि मुख्य म्हणजे बियांनी लगडलेली होती. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्यावर उलगडा झाला. तिन्ही मूळ जातींत १२ गुणसूत्रे असतात, या झाडांत २४ होती. १९५० मध्ये ओनबींनी त्यांना दोन नव्या जाती म्हणून नावे दिली. ड्युबियस आणि पोरिफोलियस यांच्या संकरातून झालेली ती मायरस, ड्युबियस आणि प्राटेन्सिस यांच्यापासून झालेली ती मिसेलस. आईबाप या प्रदेशात येऊन जेमतेम तीन-चार दशके झाली होती, म्हणजे या जातींचे वय त्याहून जास्त असणे शक्य नव्हते. जाती घडायला लाखो वर्षे लागतात हे गृहीत धरणाऱ्या शास्त्राला गावातल्या मोकळ्या प्लॉटवर, माणसाच्या एका आयुष्याच्या आत जन्मलेल्या दोन जाती मिळाल्या. या शोधाचा गाजावाजा याच कारणाने झाला, आणि माझ्या मते त्याचा अर्थ लावताना थोडी चूकही याच कारणाने झाली. साऱ्यांचे लक्ष जन्माच्या वेगाकडे गेले. वनस्पतींतल्या वैविध्याच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट जन्मानंतर घडते, आणि ती गुणसूत्रे वाढण्याची नसून पुढे हळूहळू गमावण्याची आहे, हे दाखवण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

दुप्पट होण्याने नेमके काय साधते ते समजायला याच प्रजातीतला अडीचशेहून अधिक वर्षे जुना प्रयोग उपयोगी पडतो. १७५० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या उपसाला येथे लिनीयसने प्राटेन्सिसच्या फुलावर पोरिफोलियसचे पराग टाकले आणि जांभळट, तळाशी पिवळी अशी फुले देणारा संकर मिळवला. वनस्पतींनाही नर-मादी असतात हे सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या निबंधात त्याने तो पुरावा म्हणून मांडला, आणि १७६० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीचे पारितोषिक त्या निबंधाला मिळाले. अशा संकरांतून नव्या जाती उपजत असाव्यात, असा लिनीयसचा उतारवयातला तर्क होता. पण संकर वांझ असेल तर त्याची जात पुढे चालणार कशी, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते आणि असणे शक्यही नव्हते. पराग आणि बीजांडे तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होते. त्यात आईकडून आलेले प्रत्येक गुणसूत्र बापाकडून आलेल्या आपल्या जोडीदाराला शोधून त्याच्याशी जुळते आणि मग दोघे वेगळे होतात. संकरात दोन जातींची सहा-सहा गुणसूत्रे एकत्र येतात, पण जोडीदार म्हणून एकमेकांना ओळखत नाहीत. विभागणी विसकटते, पराग फुकट जातात. तीच बारा गुणसूत्रे काही कारणाने चोवीस झाली, तर प्रत्येकाला त्याची स्वतःची प्रतिकृती जोडीदार म्हणून मिळते. वांझपण एका पिढीत संपते. शिवाय या नव्या झाडाचा आईबापांपैकी कोणाशीही संकर झाला, तर होणाऱ्या संततीत गुणसूत्रांचे तीन संच येतात आणि ती पुन्हा जवळजवळ वांझ निघते. म्हणजे प्रजननाची भिंतही त्याच क्षणी उभी राहते.

ही कल्पना एका माणसाची नाही. ह्यूगो द व्ह्रीस यांनी ईनोथेरा या वनस्पतीत अचानक उद्भवलेल्या एका धिप्पाड प्रकाराला नवी जात ठरवून आपला उत्परिवर्तनाचा सिद्धांत उभा केला होता. अॅन लुट्झ यांनी १९०७ मध्ये मोजून दाखवले, की त्या प्रकारात १४ ऐवजी २८ गुणसूत्रे आहेत. लंडनजवळच्या क्यू उद्यानात प्रिम्युलाचा एक वांझ संकर होता आणि त्याच्याच काही झाडांना अवचित बी धरू लागले होते. लेटिस डिग्बी यांनी १९१२ मध्ये दोन्ही प्रकारांतली गुणसूत्रे मोजली. वांझ झाडात १८ आणि फळणाऱ्या झाडात ३६ भरली. डेन्मार्कच्या ऑयविंड विंगे यांनी शेवंतीच्या आणि चाकवताच्या प्रजातींतले आकडे पाहिले. शेवंतीवर्गात १८, ३६, ५४, ७२, ९० अशी पायरीपायरीने चढणारी मालिका दिसत होती. संकर आणि त्यानंतरचे दुप्पट होणे यांतून जाती जन्मतात, असा सिद्धांत त्यांनी १९१७ मध्ये मांडला. रशियात गेओर्गी कार्पेचेंको यांनी १९२० च्या दशकात मुळा आणि कोबी यांच्या संकरातून ३६ गुणसूत्रांची, बी देणारी वनस्पती तयार केली. स्टालिनच्या राजवटीत १९४१ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. जनुकशास्त्रावर खरी श्रद्धा असणे हा तेव्हा तिथे गुन्हा ठरत होता. निर्णायक काम स्वीडनच्या आर्ने म्यूंट्सिंग यांचे. गॅलिऑप्सिस टेट्राहिट ही लिनीयसने नाव दिलेली, युरोपभर पसरलेली रानटी जात त्यांनी तिच्या दोन संभाव्य पूर्वजांचा संकर करून १९३० मध्ये पुन्हा घडवली. घडवलेले झाड रानातल्या झाडाशी जुळले आणि त्यांना चांगली संतती झाली. निसर्गाने कधीतरी केलेली कृती माणसाने पायरीपायरीने करून दाखवल्यावर शंकेला फारशी जागा उरली नाही. ओनबींनी पलूसमध्ये जे पाहिले ते ओळखायला लागणारी सगळी भाषा त्यामुळे तयार होती.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ट्रॅगोपोगॉनच्या या तीन जाती युरोपात हजारो वर्षे नांदत आल्या आहेत, त्यांचे संकरही तिथे होतात. मग मायरस आणि मिसेलस युरोपात का जन्मल्या नाहीत? गुणसूत्रे दुप्पट होणे हे नशिबाने एखादे वेळी घडणारे प्रकरण असते, तर इतक्या काळात तिथे ते अनेकदा घडायला हवे होते. उत्तराचा मोठा भाग जागेत आहे. युरोपात या जाती आपापल्या ठिकाणी राहतात. ड्युबियसला कोरडी जमीन मानवते, प्राटेन्सिसला ओलसर गवताळ कुरण. त्यामुळे भेटी कमी, आणि भेटीतून जन्मलेल्या संकराला मोकळी जमीन मिळण्याची शक्यता त्याहून कमी. पलूसमध्ये माणसाने कुरण नांगरले, रूळ टाकले, प्लॉट पाडले आणि तिघींना एकाच उकरलेल्या मातीत आणून बसवले. दुप्पट होण्याची क्रिया स्वतः तितकी दुर्मिळ नसते. विभाजनात चूक होऊन गुणसूत्रांची संख्या निम्मी न झालेले पराग किंवा बीजांड अधूनमधून तयार होतच असते. जस्टिन रॅमसे आणि डग्लस शेम्स्की यांनी १९९८ मध्ये उपलब्ध नोंदी एकत्र केल्या. साध्या वनस्पतींत अशा युग्मकांचे प्रमाण सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरले, तर संकरांत ते २७ टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे संकराची वांझ अवस्था आणि तिच्यावरचा उपाय एकाच बिघाडातून निघतात. कच्चा माल सतत तयार होत राहतो. तो टिकेल की नाही हे जमीन ठरवते.

क्रिया वारंवार घडत असेल, तर एकेका नव्या जातीचा जन्मही एकदाच झालेला नसावा. ओनबींना हा संशय होताच. पुलमनमधल्या मिसेलसच्या फुलांची पाकळीसारखी जिव्हा लांब, इतर ठिकाणच्या मिसेलसची आखूड. पुढे कळले की पुलमनच्या झाडांत ड्युबियस आई आणि प्राटेन्सिस बाप आहे, बाकी ठिकाणी उलट. विकरांच्या आणि नंतर डीएनएच्या चाचण्यांनी हे चित्र अधिक स्पष्ट केले. डग्लस आणि पामेला सोल्टिस या दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके या प्रदेशातल्या गावागावांतली झाडे तपासली. त्यांच्या अंदाजाने मिसेलस एकट्या या भागात वीसएक वेळा आणि मायरस डझनभर वेळा स्वतंत्रपणे जन्मली आहे. ओनबींच्या वेळी मूठभर असलेली मिसेलस चाळीस वर्षांनी स्पोकेन शहराच्या आसपासची सर्वसामान्य तण झाली होती. प्राटेन्सिस आणि पोरिफोलियस यांचा, म्हणजे लिनीयसचाच, संकरही पलूसमध्ये होतो. त्याची दुप्पट झालेली जात मात्र तिथल्या निसर्गात आढळलेली नाही. तीन आईबापांतून तीन जोड्या होतात, पैकी दोनच तगल्या. म्हणजे सगळ्याच भेटींना सारखे फळ येत नाही.

वारंवार जन्मण्याला मी इतके महत्त्व का देतो, ते इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका गवतावरून कळेल. स्पार्टिना नावाचे अमेरिकन गवत एकोणिसाव्या शतकात साउदॅम्प्टनच्या खाडीत पोहोचले आणि तिथल्या स्थानिक स्पार्टिनाशी त्याचा संकर झाला. वांझ संकराची पहिली नोंद १८७० मध्ये हाइथ इथली, बी देणाऱ्या दुप्पट प्रकाराची १८९२ मध्ये लिमिंग्टन इथली. या नव्या गवताने, स्पार्टिना अँग्लिकाने, चिखलाचे किनारेच्या किनारे व्यापले. मातीची धूप थोपवण्यासाठी माणसाने ते जगभर मुद्दाम लावले. १९६३ मध्ये ते चीनमध्येही नेण्यात आले. पसरण्याच्या बाबतीत ट्रॅगोपोगॉनला त्याने कुठल्या कुठे मागे टाकले. पण त्याचा उगम बहुधा एकाच संकरातून झालेला असल्याने त्याच्यात जनुकीय विविधता अत्यंत कमी आहे. शंभराहून अधिक वर्षांनीही ते बहुतांशी तेच गवत आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याचे पट्टेच्या पट्टे मरून जाण्याचे प्रकारही १९२० च्या दशकापासून घडत आले आहेत. एखादी जात फोफावणे आणि तिच्यातून वैविध्य निर्माण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुप्पट होण्याची महती सांगणारे लेखन त्यांची वारंवार गल्लत करते.

आता वजाबाकीकडे. दुप्पट झालेल्या झाडाकडे प्रत्येक जनुकाच्या जादा प्रती असतात, आणि जादा म्हणजे गमावता येण्याजोग्या. मिसेलस द्विवार्षिक आहे असे धरले, तर ऐंशी वर्षांत तिच्या चाळीसएक पिढ्या झाल्या. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ काहीच नाही. तरीही तेवढ्यात तिच्यात काय झाले हे २०१२ मध्ये मायकेल चेस्टर आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रे रंगवून पाहिले. कोणत्या गुणसूत्राचा कोणता तुकडा कोणत्या पूर्वजाकडून आला हे त्या रंगांवरून कळते. एकाही गावातल्या झाडांत गुणसूत्रांची एकच ठरावीक मांडणी स्थिर झालेली नव्हती. दोन पूर्वजांच्या गुणसूत्रांनी आपसांत तुकडे बदलले होते. जवळपास ७० टक्के झाडांत कुठल्या ना कुठल्या गुणसूत्राच्या प्रती कमी-जास्त होत्या. एकूण संख्या मात्र पुष्कळदा चोवीसच भरे, कारण एका पूर्वजाचे गुणसूत्र हरवले तर दुसऱ्या पूर्वजाचे त्याच जागी जादा आलेले असे. नुसता आकडा मोजणाऱ्याला ही उलथापालथ दिसलीच नसती. जनुकांच्या पातळीवरही प्रती गळत होत्या, आणि ही गळती पूर्णपणे यादृच्छिक नव्हती. ड्युबियसकडून आलेल्या प्रती तुलनेने अधिक वेळा हरवलेल्या दिसल्या. एका बाजूला काही बाबतींत सारखी दिशा, दुसऱ्या बाजूला झाडागणिक वेगळा तपशील. वीस वेळा जन्मलेली जात वीस ठिकाणी थोडी थोडी वेगळी झिजत जाते, आणि वैविध्याला लागणारा फरक या असमान झिजेतून येतो.

या मांडणीवरचा सर्वांत जुना आणि वजनदार आक्षेप असा, की हे सारे वरवरचे आहे. वनस्पतींच्या उत्क्रांतीचे अभ्यासक स्टेबिन्स यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात बहुगुणिततेला, म्हणजे गुणसूत्रांचे संच असे पटीने वाढण्याला, सविस्तर जागा दिली. तरीही उत्क्रांतीत नवे मोठे मार्ग काढण्यात तिचा वाटा थोडा आहे, असे त्यांचे मत राहिले. जादा प्रती असल्या की नवा बदल त्यांच्याआड झाकला जातो, निवडीला तो दिसत नाही, असा त्यामागचा तर्क होता. मिशिगनच्या वॉरन वॅग्नर यांनी १९७० मध्ये याहून पुढे जाऊन संकर आणि बहुगुणित यांना उत्क्रांतीतला गोंगाटच ठरवले. वॅग्नर नेचेवर्गाचे थोर अभ्यासक होते, आणि त्या वर्गात बहुगुणित जाती पदोपदी भेटतात, त्यामुळे हे मत अज्ञानातून आलेले नव्हते. २०११ मध्ये इताय मेरोज आणि सहकाऱ्यांनी त्याला आकड्यांचे बळ दिले. अनेक प्रजातींचे वंशवृक्ष तपासल्यावर त्यांना दिसले, की अलीकडे दुप्पट झालेल्या जातींतून नव्या जाती कमी वेगाने फुटतात आणि त्या नामशेष अधिक होतात. सोल्टिस मंडळींनी या पद्धतीवर आक्षेप घेतले, मेरोज यांनी प्रत्युत्तर दिले, आणि वाद अजून मिटलेला नाही.

माझ्या मते मेरोज यांचा निष्कर्ष बरोबर असूनही आक्षेप निकालात निघतो. बहुसंख्य बहुगुणित जाती लवकर संपतात हे मान्यच करायला हवे. पलूसमध्येही एका गावी जन्मलेले पुंजके काही वर्षांनी नाहीसे झाल्याच्या नोंदी आहेत. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा, आणि मुळात जन्म किती होतात याचा. ट्रॉय वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार सपुष्प वनस्पतींत नवी जात होण्याच्या सुमारे १५ टक्के आणि नेचेवर्गात ३१ टक्के घटनांत गुणसूत्रांची पट वाढलेली असते. इतके जन्म होत असतील, तर त्यांतले फार थोडे टिकूनही मोठा परिणाम घडवू शकतात. दुसरे असे, की वंशवृक्षावर एका नावाला एकच फांदी मिळते. मिसेलसच्या वीस जन्मांची तिथे एकच रेघ होते. एकाच जातीतल्या दुप्पट झालेल्या प्रकारांना तर पुष्कळदा वेगळे नावही दिलेले नसते. वैविध्य मोजण्याची पट्टी नावांची असेल, तर दुप्पट होण्याचे काम त्या पट्टीवर कमीच दिसणार.

टिकलेल्यांचे पुढे काय होते हे जीनोम वाचता येऊ लागल्यावर समजले, आणि त्यात चांगलीच गंमत होती. अॅराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातले इवलेसे तण प्रयोगासाठी निवडले गेले, याचे एक कारण त्याचा जीनोम लहान आणि सुटसुटीत, अवघ्या पाच जोड्यांचा. डिसेंबर २००० मध्ये तो संपूर्ण वाचून प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात जिकडेतिकडे जुन्या दुप्पट होण्याच्या खुणा निघाल्या. त्याच्या पूर्वजांत संपूर्ण संच किमान तीनदा वाढला होता आणि प्रत्येक वेळी झिजून पुन्हा आटोपशीर झाला होता. आज द्विगुणित, म्हणजे दोनच संचांची, म्हणवणारी झाडे म्हणजे पुष्कळदा झिजून द्विगुणितासारखी झालेली जुनी बहुगुणितेच आहेत. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या अंबोरेला या झुडपाचा जीनोम २०१३ मध्ये वाचला गेला, तेव्हा आणखी मागचे दिसले. सगळ्या सपुष्प वनस्पतींच्या समाईक पूर्वजातही एकदा असे घडले होते. अंबोरेलाच्या शाखेत त्यानंतर पुन्हा कधी दुप्पट होणे झाले नाही, आणि त्या शाखेत आज एकच जात उरली आहे. हे उदाहरण माझ्या मुद्द्याला सोयीचे आहे. तरी एका झुडपावरून नियम काढणे बरे नव्हे, म्हणून त्यावर मी भिस्त ठेवत नाही.

अधिक भरवशाचे उदाहरण मोहरीच्या कुळाचेच. सुमारे ३७०० जातींच्या या कुळाच्या समाईक पूर्वजात संच दुप्पट झाला होता. त्यानंतर सर्वांत आधी वेगळी झालेली एथिओनेमाची शाखा पन्नास-साठ जातींवरच थांबली. उरलेल्या शाखेतून मोहरी, मुळा, कोबी, अॅराबिडॉप्सिस आणि हजारो जाती झाल्या. दुप्पट होणे दोघांच्या वाट्याला सारखेच आले होते, आणि फुटवा आला तो लाखो वर्षे उलटल्यावर, एकाच शाखेला. एरिक श्रान्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हाच विलंब इतर कुळांतही दाखवला. यावर चाणाक्ष वाचक विचारेल, की इतक्या उशिरा आलेल्या फुटव्याचे श्रेय दुप्पट होण्याला देता कशाला? हवामान बदलले असेल, नवी जमीन मिळाली असेल. विलंब मान्य केला की वाटेल ते सिद्ध करता येते. हा आक्षेप मला सगळ्यांत धारदार वाटतो, आणि कालगणनेने त्याला उत्तर देता येत नाही. उत्तर द्यायचे तर उरलेल्या जादा प्रती पुढे कोणत्या कामाला लागल्या हे दाखवावे लागते. मोहरीच्या बाबतीत ते दाखवता येते. नाकात चढणारा तो झणका ज्या रसायनांचा, ती या वनस्पती किड्यांपासून बचावासाठी बनवतात. त्यांचे नवे प्रकार घडवणारी काही जनुके संच दुप्पट झाल्यावर शिल्लक राहिलेल्या प्रतींतून आली, आणि कोबीवर अंडी घालणाऱ्या पांढऱ्या फुलपाखरांचे कूळ त्या रसायनांना तोंड देत बरोबरीने बदलत गेले, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुकाजनुकाने मांडले आहे. हजारो जादा प्रती गळाल्या, काही थोड्या राहिल्या, आणि राहिलेल्यांना नवे काम मिळाले.

नुसत्या संख्येत काही नाही याचा उलटा पुरावा आपल्या जवळचा आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर गवतात एक पान आणि एक कणीस काढून उगवणारे ओफिओग्लोसम नावाचे बुटके नेचे असतात. त्यांतल्याच एका जातीची गुणसूत्रे तिरुवनंतपुरमच्या ए. अब्राहम आणि सी. ए. निनान यांनी १९५४ मध्ये मोजली. आकडा १२६० च्या आसपास निघाला. पुढच्या मोजण्यांत तो १४४० पर्यंत गेला. इतकी गुणसूत्रे असलेली दुसरी वनस्पती ठाऊक नाही. पण एवढी बेरीज करून या प्रजातीच्या हाती लागल्या त्या जगभरातल्या काही डझन जाती, आणि त्याही एकमेकींपासून ओळखताना तज्ज्ञांची दमछाक होते अशा. नेचेवर्गात जादा जनुके मुकी होत जातात, पण गुणसूत्रे सहसा जागची हलत नाहीत, मांडणी फारशी मोडत नाही. सपुष्प वनस्पतींत ती मोडते, तुटते, पुन्हा जुळते. दोन्हींकडे बेरीज मुबलक आहे. फरक पडतो तो वजाबाकीच्या तऱ्हेत.

मग दुप्पट होण्याला स्वतःचा काहीच गुण नाही का? असे म्हटले तर ती माझीच अतिशयोक्ती होईल. रॅमसे यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अॅचिलिया या वनस्पतीची रोपे वाळूच्या टेकाडांवर लावून पाहिली. त्या ठिकाणी सहा संच असलेला प्रकार निसर्गतः वाढतो, चार संचांचा वाढत नाही. चार संचांच्या झाडांच्या संततीत नुकतीच सहा संचांवर गेलेली काही रोपे मिळाली. तीही त्यांनी लावली. हीच खरी कसोटी, कारण अशा रोपात जुळवून घेण्याला पिढ्या मिळालेल्याच नव्हत्या. तरीही त्यांचे जगण्याचे प्रमाण चार संचांच्या भावंडांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त भरले. २०११ मधला हा निकाल महत्त्वाचा आहे. मात्र वाळूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली सहा संचांची झाडे या नव्या रोपांच्याही पुष्कळ पुढे होती. दुप्पट होण्याने दार उघडते, घर मात्र नंतर बांधावे लागते.

ते घर कसे बांधले जाते हे पाहायला पलूसची ऐंशी वर्षे अपुरी आहेत आणि मोहरीची कोट्यवधी वर्षे फार दूरची. दोहोंच्या मधला टप्पा हवाई बेटांवर मिळतो. कॅलिफोर्नियातल्या दोन सूर्यफूलवर्गीय वंशांचा संकर होऊन दुप्पट झालेली एक वनस्पती काही दशलक्ष वर्षांपूर्वी कशी तरी महासागर ओलांडून तिथे पोहोचली. तिच्यापासून आज तीसएक जाती झाल्या आहेत. त्यांत जमिनीलगत पसरणारी गादी आहे, वेल आहे, झुडपे आणि झाडे आहेत, आणि ज्वालामुखीच्या माथ्यावर चंदेरी पानांचा गोळा होऊन राहणारी सिल्व्हरस्वर्डही आहे. तिच्या कॅलिफोर्नियातल्या नातलगांत इतके रूपवैविध्य नाही. रिकाम्या बेटांनी संधी दिली, यात वादच नाही. पण २००१ मध्ये या जातींची फुलांची रचना ठरवणारी नियामक जनुके तपासली गेली, तेव्हा संकर आणि दुप्पट होण्यातून मिळालेल्या त्यांच्या जोडप्रती कॅलिफोर्नियातल्या नातलगांतल्या जनुकांपेक्षा कितीतरी वेगाने बदललेल्या आढळल्या. बदल होता तो त्या जनुकांच्या घडणीत, म्हणजे जमीन मोकळी मिळाली एवढ्याने ज्याचे स्पष्टीकरण पुरे होत नाही अशा ठिकाणी. गुणसूत्रांची संख्याही तिथे स्थिर राहिलेली नाही. बहुतेक जातींत १४ जोड्या आहेत, आणि कोरड्या, नव्या लाव्हावर जम बसवलेल्या एका गटात त्या १३ झाल्या आहेत.